जवारी

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या वर्षी माझा तंबोरा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेला होता. खर्जाची तार बोलेना, नुसती थडथडायची. कारागीर चाचांनी तार सैल केली, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्यावरून कानस दोनदा फिरवली, भुकटी फुंकली, तार चढवली, तिच्याखाली सुताचा दोरा सरकवला आणि कान लावला. "अजून नाही." तार पुन्हा उतरली. असं दहा-बारा वेळा झालं. घोडीचा तो उतार केसभर चुकला तरी तार मुकी होते, आणि तो मोजायला डोळा पुरत नाही. बोटांना आणि कानालाच तो कळतो. याला म्हणतात जवारी काढणं. दीड तासानं खर्ज असा घुमला की माझे डोळे भरून आले.

या गल्लीचे मूळ पुरुष फरीदसाहेब, हत्यारांना धार लावणारे शिकलगार. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी सरली, तेव्हा तेच हात तंबोऱ्याकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा वाळवायचा, पोखरायचा, त्यावर तुणाच्या लाकडाचा दांडा बसवायचा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फार आनंद झाला. पण त्याच गल्लीतल्या पोराचं लग्न ठरवताना पहिला प्रश्न येतो, "नोकरी कुठं आहे?" जवारी काढतो म्हटलं की पुढचं बोलणंच खुंटतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी एकतीस वर्षं कचेरीत काढली. त्या कामाला मी कमी लेखत नाही, माझं घर त्यावरच चाललं. पण मी निवृत्त झालो आणि पुढच्याच सोमवारी माझ्या खुर्चीत दुसरा बसला. कुणाचं काही अडलं नाही. चाचांच्या जागी बसायला मात्र दहा वर्षं हात आणि कान तयार करावे लागतात. एवढ्या वर्षांच्या शिक्षणाला आपण शिक्षण का म्हणत नाही?

चाचांशेजारी त्यांचा बारावी झालेला पुतण्या बसला होता. त्याला अजून कानस हातात मिळालेली नाही, पॉलिश पेपरनं भोपळा घासत होता. तार घुमली तेव्हा चाचांच्या आधी तोच म्हणाला, "आली!"

तुमच्या घरी माळ्यावर गवसणीत एखादा तंबोरा पडून असेल, तर या दिवाळीआधी तो खाली काढा आणि मिरजेला न्या. ते सांगतील तेवढे पैसे द्या, घासाघीस करू नका. आणि जवारी निघेपर्यंत तिथंच बसा.

नमस्कार.