लंडी खाना किती लांब?

नमस्कार श्रोतेहो. युद्धकैदी म्हटलं की जिनिव्हा करार आलाच. त्यातलं एकच कलम आज ध्यानात ठेवा: पळून जायचा प्रयत्न फसला, तर युद्धकैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा, तीही जास्तीत जास्त ३० दिवस. पुन्हा सांगतो, ३० दिवस. बाकीची कलमं राहू देत, कारण मला पारुळकरांची गोष्ट सांगायचीय.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचं सुखोई पाकिस्तानात पाडलं गेलं आणि ते रावळपिंडीच्या कॅम्पात आले. लढाई पंधरवड्यात आटोपली, पण सुटकेचं नाव नाही! मग ग्रेवाल, हरीश सिंहजी आणि पारुळकर भिंत पोखरायला लागले. रेडक्रॉसच्या पार्सलांतला खाऊ साठवला. जी-सूटमधून, म्हणजे वैमानिकांच्या हवा भरायच्या दाबपोशाखातून, पाण्याच्या पिशव्या झाल्या. एका सोबत्यानं सुईत चुंबकत्व भरून होकायंत्र केलं.

१३ ऑगस्ट १९७२. रातोरात तिघं बाहेर. बसनं पेशावर, पुढे जमरूद, खैबर खिंडीतून थेट लंडी कोतल. अफगाण सरहद्द चार-पाच मैलांवर! कुणी विचारलं, तर आम्ही पाकिस्तानी हवाई दलातले, सुट्टीवर फिरायला आलोय.

नकाशात पुढचं स्टेशन होतं लंडी खाना. म्हणून त्यांनी चहाच्या टपरीपाशी विचारलं, लंडी खाना किती लांब? आता गंमत ऐका. ते स्टेशन १९३२ सालीच बंद पडलेलं! नकाशात होतं, जमिनीवर नव्हतं. (भूगोल आपण मार्कांपुरता शिकवतो ही माझी जुनीच तक्रार, असो.) जवळच तहसील कचेरीतला एक कारकून उभा होता, त्याचे कान टवकारले. त्या दिवसांत पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेनं अफगाणिस्तानात निसटत. त्याला वाटलं, हे त्यातलेच. पहारेकऱ्यांना चकवलं हो, पण कारकून कुठला सोडतोय!

तो टोळीवाल्यांचा मुलूख. हेर समजून तिथंच गोळी घातली असती, तर विचारणारं कोण? पारुळकरांनी डोकं चालवलं, फोन मागितला. कॅम्पाचे आधीचे प्रमुख आता पाकिस्तानी हवाईदल प्रमुखांचे एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी, होते, त्यांनाच गाठलं. म्हणजे बघा, जीव वाचवायला आपल्याच जुन्या जेलरला हाक मारली, आणि त्या गृहस्थानंही ओळख दिली.

शिक्षा? एकांतवास. ३० दिवस, सांगितलं होतं ना. मग १ डिसेंबर १९७२ ला तिघंही इतर कैद्यांबरोबर वाघ्याच्या सरहद्दीवरून भारतात आले.