डीव्हीडी प्लेअर गेला? आधी टीव्हीखालचा पीएस थ्री बघा

(टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. झाकण उघडतो.)

नमस्कार मंडळी. हा डबा बघा. यात दादाचं लग्न आहे, दोन बारशी आहेत, सात-आठ नाटकं आहेत आणि अण्णांचे सिनेमे. सगळं तबकड्यांवर. वाजवायला मात्र घरात काही नव्हतं.

झालं काय, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई घरात आली. आमचं घर सांगलीच्या गावभागात. टीव्ही वर नेला, गॅस वर नेला, देव वर नेले. डीव्हीडी प्लेअर शोकेसमध्येच राहिला, कुणाच्या लक्षातच आला नाही. पाणी उतरल्यावर उघडला तर आत इतका गाळ की मेथी पेरली असती तर आली असती. हा डबाही खालीच होता.

प्लेअर गेला तो गेलाच. पुढं दोन-तीन वर्षं आईची एकच भुणभुण, "अरे, लग्नाची सीडी लाव की एकदा." दुकानात विचारलं की पोरगं माझ्याकडं असं बघायचं, जणू मी रॉकेलचा स्टोव्ह मागतोय. आणि हे सगळं चाललं असताना माडीवर भाच्याचा पीएस थ्री, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन थ्री, धूळ खात पडलेला. भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, मशीन इथंच राहिलं. ते खेळायचं मशीन सिनेमाच्या डिस्कही वाजवतं, हे त्याला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

(पीएस थ्री टेबलावर ठेवतो.)

गेमच्या मशीनमध्ये सिनेमाचा प्लेअर कशाला, असं वाटेल. सोनीचा हिशेब सरळ होता. २००० साली जपानात पीएस टू आला तेव्हा डीव्हीडी प्लेअर महाग होते, आणि जवळपास त्याच पैशात गेमही खेळता येतो म्हटल्यावर लोकांनी तोच उचलला. २००६ ला पीएस थ्री आला, त्यात ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीपेक्षा स्वच्छ चित्राची नवी डिस्क, वाजवायची सोय घातली. त्या वर्षी अमेरिकेत ब्लू-रेचा पहिला सुटा प्लेअर एक हजार डॉलरला एक डॉलर कमी, आणि पीएस थ्री पाचशे-सहाशे डॉलरला. समोर तशाच कामाची तोशिबाची एचडी डीव्हीडी उभी होती. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबानं माघार घेतली. घराघरांत जाऊन बसलेल्या पीएस थ्रीचा त्यात मोठा हात होता.

इतिहास पुरे. आता डबा ओता.

मशीनला हात लावण्याआधी डिस्का निवडायच्या. गहू निवडतो तशा. कारण मराठी घरातल्या डब्यात सगळ्या तबकड्या सारख्या दिसतात, पण सारख्या नसतात.

पहिला ढीग ब्लू-रेचा. खालची बाजू गडद निळसर-काळपट दिसते. आमच्याकडं दोनच निघाल्या.

दुसरा ढीग दुकानातून घेतलेल्या डीव्हीडींचा. छापील चित्र, खालून चंदेरी किंवा दोन थरांची असेल तर जरा सोनेरी. या लागतात, एका अटीवर. ती पुढं सांगतो.

तिसरा ढीग लग्नवाल्यांचा. फोटो स्टुडिओनं स्वतः रेकॉर्ड केलेली डीव्हीडी, खालून जांभळट. वर वधूवरांचा फोटो असलेलं गोल स्टिकर. ही डिस्क 'फायनलाइझ' केलेली, म्हणजे रेकॉर्डिंग संपल्यावर दुसऱ्या मशीनवर चालेल अशी बंद केलेली असली तर पीएस थ्री निमूट वाजवतो. स्टुडिओवाले बहुतेक करूनच देतात; घरच्या रेकॉर्डरवर काढलेली असेल तर शंका धरा. स्टिकरची कड सुटली असेल तर ती डिस्क मशीनमध्ये घालू नका. हे मशीन डिस्क ओठांतून आत ओढून घेतं, स्टिकर आत सुटलं तर चिकटून बसेल. स्टिकर ओढून काढायलाही जाऊ नका, कधीकधी त्याच्याबरोबर चंदेरी थरही सोलून येतो.

आणि चौथा ढीग. सगळ्यात मोठा. व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवर भरलेला सिनेमा.

(दोन्ही हातांत तबकड्या.)

इथं माझा पोपट झाला. आपल्याकडची नाटकं, जुने मराठी सिनेमे, कीर्तनं, २००५ च्या आधीची लग्नं, बरंचसं व्हीसीडीवर आहे. अडीच तासांचं नाटक असेल तर दोन किंवा तीन तबकड्या, कारण एका व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपासच मावतं. 'भाग एक', 'भाग दोन' असं लिहिलेलं दिसलं की ओळखा. पीएस टू, पीएस थ्री, फोर, फाइव्ह, कुणीही व्हीसीडीला व्हीसीडी म्हणून ओळखत नाही. गंमत म्हणजे सोनीनंच एकेकाळी आशियाच्या बाजारासाठी व्हीसीडी वाजवणारा पांढरा प्लेस्टेशन काढला होता, पहिल्या पिढीचा. पुढं सोडून दिलं.

मग त्यांचं काय करायचं? डिस्क घालायचा खण असलेला जुना कॉम्प्युटर शोधा. कुणाच्या तरी घरी असतोच, वर देवाचा फोटो ठेवलेला. व्हीएलसी नावाचं फुकट सॉफ्टवेअर व्हीसीडी सरळ वाजवतं. घरच्या लग्नाची व्हीसीडी असेल तर त्यातली 'एमपीईजीएव्ही' नावाची फाइलींची पेटी उघडा, आत डीएटी फाइल असते. ती कॉपी करून एमपी फोरमध्ये बदलून घ्या आणि पेन ड्राइव्हवर टाका. पेन ड्राइव्ह पीएस थ्रीला लावायचा तर तो 'फॅट थर्टी टू' पद्धतीनं फॉरमॅट केलेला लागतो, आणि एकेक फाइल चार जीबीच्या आत. व्हीसीडीची फाइल तेवढी मोठी नसतेच.

पुराबद्दल एक गोष्ट मला नंतर कळली. गाळातून काढलेल्या डीव्हीडी बहुतेक वाचल्या आणि व्हीसीडी निम्म्या गेल्या. का? व्हीसीडीचा चंदेरी थर छापील बाजूला, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. ओलीनं तोच पापुद्रा सुटला. डीव्हीडीत मात्र दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधे, करंजीतल्या सारणासारखी. म्हणून व्हीसीडी पालथी ठेवताना, म्हणजे चित्राची बाजू खाली करताना, जास्त जपायचं. आपण नेमकं उलट करत आलो.

धुताना साधं नळाचं पाणी, हवं तर थेंबभर भांड्यांचा साबण. मऊ सुती कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडं सरळ पुसा, गोल गोल नाही. टूथपेस्टचा उपाय कुणी सांगितला तर दात घासा त्यानं. आणि पूर्ण वाळल्याशिवाय मशीनमध्ये घालू नका.

आता माझा गाढवपणा. डब्यात एक छोटी डिस्क होती, तळहाताएवढी, आठ सेंटिमीटरची. जुन्या हॅंडीकॅममध्ये असायची ती. धाकट्या भाचीचं बारसं. मी विचार न करता पीएस थ्रीच्या ओठात दिली. मशीननं ओढली आणि नंतर आतून नुसता खरखर आवाज. ओढून घेणारी मशीनं बारा सेंटिमीटरच्या तबकडीसाठी बनवलेली आहेत. छोटी आत गेली की परत येत नाही. शेवटी सगळे स्क्रू काढून बाहेर काढावी लागली. त्यामुळं छोटी तबकडी पीएस थ्री, फोर, फाइव्ह कशातच नाही. ती कॉम्प्युटरच्या बाहेर सरकणाऱ्या ताटलीत ठेवा, मधे छोटा गोल खळगा असतो तो त्यासाठीच.

आता ती अट. मशीन कुठून आलंय? सांगली-मिरजेत निम्मी मशीनं कुणाच्या तरी अमेरिकेतल्या जावयानं आणलेली. पीएस थ्रीचे जवळपास सगळे गेम जगात कुठंही चालतात, म्हणून आपण धरून चालतो की सिनेमेही चालतील. नाही. डीव्हीडीला विभाग असतात, एका विभागाचं मशीन दुसऱ्या विभागाची डिस्क लावत नाही: अमेरिका एक, भारत पाच. ब्लू-रेला अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. हा विभाग मशीनमध्ये पक्का असतो, सेटिंगमध्ये जाऊन बदलता येत नाही. वर आणखी एक घोळ: टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती, अमेरिकेत एनटीएससी आणि आपल्याकडं पाल; अमेरिकेतला पीएस थ्री पाल पद्धतीची डीव्हीडी दाखवत नाही. पण हात टेकू नका. आपल्या अनेक सिनेमांच्या डीव्हीडी 'ऑल' विभागाच्या आणि एनटीएससी आहेत, परदेशातल्या लोकांनाही विकता याव्यात म्हणून. खोक्याच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा. त्याच वेळी मशीनच्या मागच्या लेबलवर व्होल्टेजही वाचा.

जोडणी फार नाही. एचडीएमआयची वायर लावा. पीएस थ्रीबरोबर खोक्यात आलेली पिवळी-लाल-पांढरी वायर लावून "चित्र भुरकट येतंय" म्हणू नका.

सेटिंगमध्ये मी तीनच गोष्टी बघतो. व्हिडिओ सेटिंगमध्ये अपस्केलर असतो, तो 'नॉर्मल'वर. पाल डीव्हीडीचं चित्र ५७६ ओळींचं, तुमच्या टीव्हीच्या ओळी १०८० किंवा त्याहून जास्त; मधल्या ओळी मशीन अंदाजानं भरतं. बरं भरतं. पण आमटीत पाणी घातलं तर वाट्या वाढतात, डाळ वाढत नाही. दुसरं, ब्लू-रेसाठी चोवीस हर्ट्झ 'ऑटोमॅटिक'. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा असतो, तो साठच्या मापात बसवला की कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं. तिसरं आवाज. गाणी दणदणीत आणि संवाद पुटपुटल्यासारखे येत असतील तर आवाजाच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय निवडून 'ऑटोमॅटिक' करा. आपल्या टीव्हीला दोनच स्पीकर आहेत हे मशीनला कळू द्या.

टीव्ही 'गेम' मोडवर असेल तर तोही बदला. भाचा लावून गेलेला असतो.

खरी अडचण रिमोटची. पीएस थ्रीला इन्फ्रारेडचा डोळाच नाही, त्यामुळं दुकानातला शंभर रुपयांचा रिमोट चालत नाही. २००९ नंतरच्या बारीक मॉडेलमध्ये सिस्टिम सेटिंगमध्ये 'कंट्रोल फॉर एचडीएमआय' चालू केलं की टीव्हीच्याच रिमोटनं बरंचसं भागतं, टीव्हीनं साथ दिली तर. आमचं मॉडेल पहिलं, जाडं. म्हणजे कंट्रोलरच.

मग आईला शिकवलं. फुली म्हणजे हो. गोल म्हणजे माघारी. वरच्या कडेला पुढची दोन बटणं प्रकरण पुढं-मागं, त्यांच्या खालची दोन दाबून धरली की पळवायचं. त्रिकोण दाबला की सगळ्या खुणा पडद्यावर येतात, अडलं की त्रिकोण. तिनं पहिल्या दिवशी कंट्रोलर दोन्ही हातांत धरला तो आरतीच्या ताटासारखा. आठवड्यात मला सांगायला लागली, "अरे, वरमाला पुढं आहे, दोनदा दाब." डीव्हीडी मधेच बंद केली तर मशीन जागा लक्षात ठेवतं. ब्लू-रे बरीचशी ठेवत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून.

वीज? पहिली जाडी मॉडेलं नुसता सिनेमा लावला तरी दीडशे वॅटच्या घरात खातात. साधा प्लेअर वीसच्या आसपास. तीन तासांचा सिनेमा म्हणजे अर्धा युनिट. रोज बघणाऱ्याला खटकेल, वर पंख्याचा आवाज. महिन्यातून दोनदा लग्न बघणाऱ्याला काही फरक पडत नाही. मात्र निव्वळ सिनेमासाठी जुना पीएस थ्री विकत घेऊ नका. लेन्स म्हातारी झालेली असते. त्यातही एक मेख आहे: डीव्हीडीचा लाल किरण आणि ब्लू-रेचा निळा-जांभळा किरण वेगवेगळे, त्यामुळं "डीव्हीडी लागते" म्हणून विकणाऱ्याच्या मशीनमध्ये ब्लू-रे मेलेला असू शकतो. दोन्ही लावून बघा.

नवी मशीनं भरभर सांगतो. पीएस फोर डीव्हीडी आणि ब्लू-रे वाजवतो, पण पहिल्यांदा एकदा इंटरनेटला जोडावा लागतो. गाण्यांची सीडी वाजवत नाही, पीएस फाइव्हही नाही. फोर-के डिस्क, म्हणजे ब्लू-रेहूनही बारीक चित्राची, लावायची तर पीएस फोर प्रोसुद्धा उपयोगाचा नाही. त्याला डिस्कचा खण असलेला पीएस फाइव्ह, किंवा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्समधला खणवाला वन एस, वन एक्स, सिरीज एक्स. एक्सबॉक्सवर ब्लू-रेचं ॲप आधी उतरवून घ्यावं लागतं. सिरीज एस आणि पीएस फाइव्ह डिजिटलला खणच नाही, डिस्क घालणार कुठं?

दिवे गेले तर? आपल्याकडं जातातच. आत हार्ड डिस्क फिरत असते, पुन्हा चालू केलं की मशीन तपासणी करू का विचारतं, करू द्या. आणि रोजचं बंद करताना आईसारखं भिंतीवरचं बटण खटकन बंद करू नका. कंट्रोलरच्या मधलं गोल पीएस बटण दाबून धरायचं, 'टर्न ऑफ सिस्टिम' येतं, फुली. हिरवा दिवा लाल झाला की मग भिंतीवरचं बटण.

(आतून आईचा आवाज : "अरे, तुझं झालं असलं तर ते लग्न लाव, शेजारच्या काकू आल्यात.")

आलो.