धारेनंतरचा अर्धा तास

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

कास सुजून घट्ट झाली, दुधात गाठी आल्या, की दगडी झाली हे कुणालाही कळतं. खरा तोटा होतो तो त्याआधी. जनावर नीट खातंय, कास मऊ आहे, दूधही दिसायला चांगलं. फक्त रोजचं माप हळूहळू घटतं. हा सुप्त कासदाह, म्हणजे बाहेरून न दिसणारी दगडी. जंतू बहुतेक वेळा सडाच्या टोकाच्या छिद्रातूनच आत शिरतात.

धार काढल्यावर हे छिद्र लगेच मिटत नाही, साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्यात जनावर शेणामुतात बसलं, तर दगडीला आपणच वाट करून दिली. म्हणून वैरण धारेनंतर टाका, म्हणजे ते खात उभं राहील. शिवाय धार संपताच प्रत्येक सड जंतुनाशकात बुडवा. अर्धा टक्का आयोडीनचे 6 भाग आणि ग्लिसरीनचा 1 भाग हे मिश्रण चांगलं. नुसतं शिंपडून भागत नाही, सड भिजला पाहिजे.

आता धारेआधीचं. अख्ख्या कासेवर बादलीभर पाणी ओतू नका. ते घाण घेऊन सडांवरूनच खाली ओघळतं. फक्त सड धुवा आणि कोरडे पुसा, प्रत्येक जनावराला वेगळं फडकं. एकच फडकं गोठाभर फिरलं, की रोगही फिरतो. वासरू पाजून पान्हा सोडवत असाल, तर ते सोडवल्यावर सड पुन्हा धुवा. पहिल्या दोन-तीन धारा काळं कापड बांधलेल्या वाटीत घ्या, गाठी चटकन दिसतात. जमिनीवर मात्र सोडू नका.

सडाला हात लागला, की मिनिटभरात पान्हा सुटतो. म्हशीला जरा जास्त वेळ लागतो. त्याचा जोर पाच ते सात मिनिटं. तेवढ्यात काम उरकायचं, मध्येच फोन घ्यायला उठायचं नाही! धार पूर्ण मुठीने काढा. अंगठा दुमडून काढलं तर सडाला आतून इजा होते. हात दुधात किंवा थुंकीत बुडवून ओले करण्याची सवयही सोडा.

निरोगी जनावरं आधी, दगडीचं सर्वांत शेवटी. औषध चालू असलेल्या जनावराचं दूध, चारही सडांचं, डेअरीच्या किटलीत घालू नका. उपचार संपल्यावरही किती दिवस घालायचं नाही, हे डॉक्टरांना विचारून गोठ्यात खडूने लिहून ठेवा.