काळी-पिवळी, दोन चाकांची

[दृश्य: अंधारं गॅरेज. गॅसच्या ज्योतीत लाल होत जाणारी लोखंडी नळी.]

ही नळी रिकामी नाही. तिच्यात वाळू ठासून भरली आहे आणि दोन्ही तोंडं लाकडी गुट्ट्यांनी बंद केली आहेत. रिकामी नळी वाकवायला जा, ती आतल्या अंगाने चेपणार. वाळू तिला चेपू देत नाही. पण ही वाळू आधी कढईत भाजून कोरडी करावी लागते. जरा ओल राहिली की आत वाफ धरते आणि गुट्टी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. म्हणून मिस्त्री नळीच्या तोंडासमोर कधीच उभे राहत नाहीत. आत्ताही बघा, बाजूला आहेत.

[दृश्य: नळी हळूहळू फर्म्यावर वाकते. शेजारी भिंतीला टेकवलेलं जुनं काळं बॉनेट.]

कमान जमली. ही रेषा त्या बॉनेटवरून उचलली आहे. बॉनेट प्रीमियर पद्मिनीचं आहे, म्हणजे मुंबईच्या जुन्या काळी-पिवळी टॅक्सीचं, आणि नळी जाणार आहे सायकलच्या सांगाड्यात. मिस्त्री एका जुन्या सायकलला त्या टॅक्सीचं रूप देत आहेत.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. टॅक्सींची रांग, व्ही.टी. स्टेशन, पाऊस.]

कुर्ल्यात वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीची 1100 ही गाडी तिथे बनायची. 1974 पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. इंजिन 1089 सीसीचं. टॅक्सीवाले मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. 2001 मध्ये उत्पादन बंद झालं. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणजे 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावर एकही नाही. निदान एक तरी गाडी जपून ठेवा, असं टॅक्सीवाल्यांची संघटना सरकारला सांगत होती. गाड्या गेल्या, त्यांच्यावर पोट असलेल्या डेंटर, वायरमन, सीट शिवणाऱ्यांचं कामही आटलं.

[दृश्य: सायकलचा जुना सांगाडा. रंग खरवडलेला, सांध्यांवर गंज.]

हा सांगाडा भंगारातून आला. 28 इंची चाकांची, रॉड ब्रेकची, दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी चालवलेली सायकल. अशा सायकली एकेकाळी मुंबईतच, वरळीच्या हिंद सायकल कारखान्यात बनायच्या. वरळीची सायकल आणि कुर्ल्याची मोटार, दोन्ही याच शहराच्या पोटातल्या. आज या दोन्ही गोष्टी कुठे बनतात, हा प्रश्न विचारून उपयोग नाही.

[दृश्य: जवळून. सांध्यावर पितळ वितळतं.]

कमानदार नळी मूळच्या वरच्या नळीखाली बसवायची आहे. हे वेल्डिंग नाही, लोखंड इथे वितळवायचंच नाही. सांधा घासून स्वच्छ करायचा, टाकणखार लावायचा आणि ज्योत फिरवत ठेवायची. आधी टाकणखार फुगतो, मग काचेसारखा पातळ होऊन पसरतो. तो पातळ झाला की पितळेची कांडी टेकवायची. पितळ उष्णतेच्या मागे जातं. ज्योत जिकडे नेली तिकडे ते सांध्यात शिरतं. ही कडा पाहा, पिवळी आणि अखंड. एकाही ठिकाणी खड्डा नाही. 

[दृश्य: जुन्या दरवाजाचा पत्रा. कात्री. वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीचे ठोके.]

आता कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लागणारी शेपटं. पद्मिनीच्या मागच्या कोपऱ्यांवर उभी निमुळती धार असायची आणि तिच्यात लाल दिवा. मिस्त्रींनी तिचा कागदी फर्मा काढला, पत्रा कापला आणि वाळूच्या पिशवीवर ठोकायला घेतला. पत्रा ठोकला की तो ताणतो आणि कडकही होतो. ठराविक वेळाने त्याला लाल करून आपोआप थंड होऊ द्यावं लागतं, नाहीतर चिरतो. एक शेपूट बनवणं कठीण नाही. कठीण आहे तिची जोडी. डावीचा आरसा उजवी झाली पाहिजे.

[दृश्य: ट्यूबलाइटखाली पत्रा. प्रकाशाची रेघ पत्र्यावरून सरकते.]

ही तपासणी मिनिटभर नुसती पाहा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावर पाडायचं. रेघ जिथे लचकली तिथे उंचवटा किंवा खड्डा आहे. खाली डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरायची, वरून हातोडी. पुन्हा प्रकाश, पुन्हा हातोडी. मिस्त्रींचा लांबीवर, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीवर, राग आहे. लांबी भरून खड्डा झाकणं म्हणजे त्यांच्या भाषेत “मेकअप”. रंगाआधी लांबीचा एकच हात लागला, तोही नखाइतका पातळ.

[दृश्य: काळा रंग, पाणीपेपर, मग पिवळी पट्टी.]

वरची नळी पिवळी, बाकी सगळं काळं. टॅक्सीचं छप्पर पिवळं असायचं, तोच हिशेब. क्रोम बाहेरून चढवून आणलं. कोणीतरी हँडलला जुना लोखंडी मीटरही लावून पाहिला, झेंडीसकट. हौस म्हणून ठीक, पण त्याने सायकल एका बाजूला ओढली जात होती आणि दिसायचीही नाटकातल्या वस्तूसारखी. काढून टाकला ते बरं झालं.

[दृश्य: हेडट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) डावीकडे गिअरचा दांडा. काळी मूठ.]

या सायकलीतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. जुन्या पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगजवळ असायचा, डाव्या हाताला. इथे तो सांगाड्याच्या मानेवर घेतला आहे. मूळ दांडा फार लांब होता. हँडल डावीकडे वळवलं की आडवा यायचा. तो कापला, खाली वाकवला, मूठ मात्र गाडीचीच ठेवली. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचं तीन गिअरचं हब आहे, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, ज्याच्या पोटातच गिअर असतात. दुसऱ्या गिअरला चाक साखळीच्या मागच्या दातेरी चकतीच्याच वेगाने फिरतं, पहिल्याला पाव भाग हळू, तिसऱ्याला एक तृतीयांश जास्त. केबल पूर्ण ताणली की पहिला, सैल सोडली की तिसरा. दांड्याला तीन खाचा पाडल्या आहेत, त्या केबलच्या मापाने.

[दृश्य: टेबलवर तयार सायकल. एक वयस्क टॅक्सीचालक मागच्या लाल काचेवर हात ठेवतात. इथे निवेदन नाही. 25 सेकंद गॅरेजचाच आवाज.]

[दृश्य: पहाट. कुर्ल्याचा रस्ता. मिस्त्रींचा पुतण्या सायकलवर.]

पहिली फेरी. रॉड ब्रेक लागतात, रबर आतून रिमला घासतं. दिवा डायनॅमोवर, म्हणून सायकल थांबली की तोही विझतो. पुतण्याने दुसरा गिअर टाकला आणि पायडल एकदम मोकळं फिरलं.

[दृश्य: पायडल गरगर फिरतं. हसण्याचे आवाज. मिस्त्री फूटपाथवर बसतात.]

या हबच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक न्यूट्रल लपलेला असतो. केबल थोडी ढिली राहिली की गाडी त्यातच अडकते.

“चाचा, टॅक्सी न्यूट्रलमध्ये आहे!”

“उतर खाली. सवारीला धक्का मारायला लावू नकोस.”

चाकाजवळ गिअरच्या केबलला जोडलेल्या बारीक साखळीचा स्क्रू अर्धा आटा आवळला. आता दुसरा धरतो. पुढे पुलाचा चढ आहे, तिथे पहिला लागेल.