काळ्या राजाची धिंड

लंडन, १९१२. सिटी ऑफ लंडन चेस क्लब. पांढरी मोहरी एडवर्ड लास्करकडे. पेशानं इंजिनिअर. जगज्जेता इमॅन्युएल लास्कर तो हा नव्हे. समोर जॉर्ज थॉमस. डाव मैत्रीचा, गुण ना बक्षीस.

दहा चाली झाल्यात. लास्करचा वजीर एच५ या घरावर (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या पट्टीचा), नजर एच७ च्या प्याद्यावर. घोड्यानं एफ६ वरचा उंट मारायचा, मग वजिरानं मात, हा बेत थॉमसनं ओळखलाय. म्हणून त्यानं आपला वजीर ई७ वर आणलाय. घोडा आला की तो जी-प्याद्यानं मारायचा. मग सातवी पट्टी मोकळी होते आणि वजीर एच७ राखतो. बचाव चोख आहे.

लास्कर फक्त क्रम उलटा करतो. आधी वजीर!

वजिरानं प्यादं मारलं, शह. राजानं वजीर मारला. आता घोडा एफ६ वर, आणि एकदम दोन शह: एक घोड्याचा, एक त्याच्यामागून उघडलेल्या उंटाचा. दुहेरी शहाला उत्तर एकच, राजानं हलायचं. कोपऱ्यात गेला तर दुसरा घोडा जी६ वर येऊन तिथेच मात करतो. उरतं एच६. म्हणजे पुढे.

जी५. एफ४. एफ३. जी२. जी१. दर चालीला शह. थॉमसचा वजीर आणि दोन्ही हत्ती जागच्या जागी, उपयोग शून्य. राजा पार पांढऱ्याच्या पहिल्या पट्टीवर! अठराव्या चालीला लास्करचा राजा डी२ वर सरकतो, मागचा हत्ती मोकळा होतो. मात.

तिथे लांब बाजूचा किल्लेकोट, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती दोन्ही हलवणं, केला असता तरी मातच होती. देखणी कोणती, यावर शौकीन अजून भांडतात. आमचं मत किल्लेकोटाला. एक चाल आधीही मात होती म्हणे; पण मग राजा जी१ पर्यंत कसा गेला असता?

हरलेला गडी साधा नव्हता. १९२३ आणि १९३४ मध्ये तो ब्रिटिश विजेता झाला. १९३४-३५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यानं माजी जगज्जेता कापाब्लांका आणि पुढे जगज्जेता झालेला बोत्विनिक, दोघांनाही हरवून पहिला क्रमांक विभागून घेतला. शिवाय बॅडमिंटनमध्ये ऑल इंग्लंडची २१ विजेतेपदं. बॅडमिंटनमधला पुरुष संघांचा जागतिक थॉमस कप तो याच्याच नावाचा. २०२२ मध्ये बँकॉकला भारतानं इंडोनेशियाला ३-० नं हरवून जिंकला, मुंबईचा चिराग शेट्टी त्या संघात होता.