मूल नेमकं कुठे अडलंय?

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मुलांना वाचता येतं का, गणितं येतात का हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या फक्त ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०१८ मध्ये हे प्रमाण ५०.५ टक्के होतं. शाळा बंद राहिल्याने नुकसान झालंच, पण कोरोनाच्या आधीही जवळपास निम्मी मुलं अडलेलीच होती. तेव्हा सगळं खापर कोरोनावर फोडून चालणार नाही.

अशा मुलांसाठी आपण जादा तास घेतो. आणि त्या तासाला काय करतो? सकाळी झालेला धडाच पुन्हा घेतो, जरा मोठ्या आवाजात. सकाळी जे मूल तिथे अडलं, ते दुपारीही तिथेच अडतं. मग त्याचं नाव ‘अप्रगत’च्या यादीत जातं. त्या यादीवरून पुढच्या बाईंना काहीही कळत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

‘असर’ची चाचणी साधी आहे. मूल एकटं समोर बसतं. आधी सोपा परिच्छेद. नाही जमला तर शब्द, तेही नाही जमले तर अक्षरं; जमला तर गोष्ट. काही मिनिटांचं काम. यातून पातळी कळते. पण मूल कुठे अडलंय, हे कळायला त्याच्या शेजारी बसून ऐकावं लागतं.

काही मुलं अख्खा धडा सुरात म्हणतात आणि बोट भलत्याच ओळीवर असतं. त्यांना मधलाच एखादा शब्द दाखवा, लगेच उलगडा होईल. काहींचा घ-ध, भ-म, थ-य यांत गोंधळ होतो. काहींना पहिली वेलांटी चकवते, कारण ती दिसते आधी आणि उच्चारायची नंतर. रफाराचं उलटं: ‘धर्म’मधला र म्हणायचा आधी, पण तो बसलाय म च्या डोक्यावर. मूल ‘धम्र’ वाचतं आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. अहो, लक्ष आहे म्हणूनच ते म नंतर र वाचतंय! त्याला रफाराचे दहा-बारा शब्द एकत्र द्या: सर्प, गर्दी, सूर्य, वर्ग. ओळखीचे शब्द असले की चूक त्याची त्यालाच ऐकू येते.

मग ते मूल, जे ‘क… म… ळ’ असं सुटं वाचतं आणि ‘काय झालं?’ विचारलं की गप्प बसतं. त्याला अक्षरं येतात, त्याच्याकडून पुन्हा बाराखडी घोटून घेण्यात काही अर्थ नाही. त्याला आवाज जोडायला शिकवायचंय. पाटी-पुस्तक बाजूला ठेवा, तोंडी ‘का… म’ म्हणा आणि विचारा, कोणता शब्द? हे जमलं की मग लिहिलेलं दाखवा. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी मुळाक्षरं ओळीने संपवायची वाट न बघता थोडी अक्षरं आणि स्वरचिन्हं एकत्र घेऊन लगेच शब्द वाचायला देण्याची पद्धत रुजवली. क, म, ल, स आणि काना एवढ्यावर काम, मला, साल, कमाल वाचता येतात. मागे पडलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात ‘मला वाचता आलं’ असं वाटणं फार गरजेचं असतं.

नंदुरबारच्या किंवा मेळघाटच्या शाळेत आणखी एक मूल भेटेल: घडाघडा वाचणारं, पण अर्थ न लागणारं, कारण घरी पावरी किंवा कोरकू बोलतात. तिथे आधी बोलणं. मूल जे सांगेल ते फळ्यावर लिहा आणि तेच वाचायला द्या.

मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने बालसखी उपक्रम चालवला. वस्तीतलीच शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं घेऊन बसायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गुण वाढले आणि सर्वांत जास्त फायदा तळातल्या मुलांना झाला. पण उपक्रम थांबल्यावर वर्षभराने तपासलं, तेव्हा त्यातला बराच फायदा ओसरला होता.

हे फार महत्त्वाचं आहे. मूल गोष्ट वाचायला लागलं की आपण त्याला सोडून देतो. तसं करू नका. वर्षभर तरी रोज पंधरा मिनिटं सोपी पुस्तकं त्याच्या हातात राहू द्या. एकच गोष्ट चार वेळा वाचली तरी वाचू द्या, वेग त्यानेच येतो.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुलं. ऑक्टोबरच्या सुमारास ती जातात, हंगाम संपला की परततात. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहा: ‘काना, वेलांटी येते. रफार येत नाही. शब्द जोडतो, वाक्यात अडखळतो.’ कारखान्यावरच्या शाळेतल्या शिक्षकाला ते पान दिसलं, तर तो त्याला पुन्हा ‘अ’पासून बसवणार नाही.