गाठीच्या काठावर अडलेल्या पेशी

श्रोतेहो, नमस्कार.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालं की नागपुरातल्या बहुतेक घरांत एक प्रश्न येतोच, 'डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवायला काय देऊ?' कोणी गुळवेल सुचवतं, कोणी गव्हांकुर. विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. पण मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि स्लाइडवर मला दिसतं ते निराळंच. पुष्कळ रुग्णांत कॅन्सरशी लढणाऱ्या टी पेशी तयार झालेल्या असतात, गाठीपर्यंत पोचलेल्याही असतात. आत मात्र शिरू शकत नाहीत.

शस्त्रक्रियेत काढलेली गाठ तपासणीसाठी कापताना ती घट्ट, पांढुरकी लागते. हा कडकपणा फक्त कॅन्सरच्या पेशींचा नसतो. आपल्याला जखम झाली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कामाला लागतात, कोलॅजनचे तंतू विणतात, जखम भरली की थांबतात. गाठीत त्या थांबतच नाहीत. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी 1986 मध्ये गाठीला न भरणारी जखम म्हटलं, ते याच अर्थाने. टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन फायब्रोब्लास्टना सारखं चेतवत राहतं आणि तंतूंवर तंतू चढत जातात.

टी पेशी या तंतूंच्या कडेकडेनेच सरकतात. तंतू विरळ असले तर वाट मिळते. दाट असले आणि कॅन्सरच्या पेशींच्या पुंजक्याभोवती गोल वळले असले, तर टी पेशी आपल्या रिंग रोडवरच्या ट्रकसारख्या बाहेरूनच फिरत राहतात. त्यात रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पडतो. शिवाय तोच टीजीएफ-बीटा टी पेशींची मारण्याची ताकदही कमी करतो. अडवणूक नुसत्या तंतूंची नाही, रसायनांचीही आहे. म्हणून पेशींची संख्या वाढवून हा प्रश्न सुटत नाही. काढा सुरू असेल तर तो केमोथेरपी देणाऱ्या डॉक्टरांना जरूर सांगा.

पेशी आहेत कुठे, याला किती महत्त्व आहे ते फ्रान्सच्या जेरोम गॅलों यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवलं. गाठीच्या मध्यभागी आणि काठावर टी पेशी किती आहेत, यावरून रुग्ण पुढे किती बरा राहील याचा चांगला अंदाज येतो. 2018 मध्ये 13 देशांतल्या रुग्णांवर ते पडताळलं गेलं. त्यात आपल्या अहमदाबादचं केंद्रही होतं. मधल्या काळात, 2015 साली, या कॅन्सरचे जनुकांवरून चार गट पाडण्यात आले. तंतूंनी भरलेला चौथा गट साधारण 23 टक्के रुग्णांचा, आणि आजार उलटण्याचं प्रमाण त्याच गटात जास्त.

मग तंतूच काढून टाकले तर? मलाही हा विचार मोहात पाडतो. पण 2014 मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या उंदरांत फायब्रोब्लास्ट नष्ट केले, तेव्हा आजार उलट भडकला. काही फायब्रोब्लास्ट गाठीला आवरूनही धरतात. 2018 मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरच्या उंदरांत टीजीएफ-बीटा रोखला, तेव्हा टी पेशी आत शिरल्या. सोबत इम्युनोथेरपी, म्हणजे टी पेशींवरचा ब्रेक काढणारी औषधं, दिली, तर यकृतात पसरलेल्या गाठीसुद्धा विरल्या. माणसांत तसं यश अजून आलेलं नाही. तरीही दिशा हीच आहे असं मला वाटतं.

रुग्णांच्या हातात आज काय आहे, ते सांगते. आतड्याच्या कॅन्सरच्या 100 पैकी सुमारे 15 रुग्णांच्या पेशींत डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते. तिथे डीएनएत बदल इतके होतात की टी पेशी त्या कॅन्सरच्या पेशींना सहज ओळखतात आणि मोठ्या संख्येने आत शिरतात. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी गुदाशयाचा असा कॅन्सर असलेल्या पहिल्या 12 रुग्णांना फक्त इम्युनोथेरपी दिली, आणि सगळ्यांची गाठ दिसेनाशी झाली. या बिघाडाची तपासणी एमएमआर नावाने होते. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपून ठेवलेला असतो, त्यावरच ती करता येते, पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. रिपोर्टमध्ये एमएमआर लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना विचारा, शक्यतो उपचार सुरू होण्याआधी. दुसऱ्या रुग्णालयात जाणार असाल तर फाइलसोबत तो ब्लॉकही मागून न्या.